म्हशीवर प्रश्न येत नाही

मागच्या सालच्या पेपरात झुरळ होतं,
त्याआधीच्या सालात झुरळ आणि माणसाचं मूत्रपिंड.
एकशेऐंशी प्रश्न,
एकालाही शिंग नाही.
जनावरांची डॉक्टर व्हायला निघालेली मी
झुरळाच्या पायाचे सांधे
बसच्या खिडकीला डोकं टेकून पाठ करते.

बीएस्सीचं दुसरं वर्ष, झूलॉजी, खानापूर.
घरात म्हणतात, डिग्री तर होतीय की,
सीट लागली तर लागली.
लागली तर ही दोन वर्षं पाण्यात,
परत पहिल्यापासून, साडेपाच वर्षं,
बिदर नाहीतर शिमोगा,
अथणी मिळाली तर नशीब.
गेल्या खेपेचा रँक घरी सांगताना
मी शेवटचा आकडा गिळला होता.
अप्पांना अजून वाटतं, थोडक्यात हुकलं.

बुधवार-शनिवार कॉलेज सुटलं की
गुंजीच्या दवाखान्यात थांबते.
हुक्केरी कंपाउंडर रजिस्टर कन्नडमध्ये लिहितात,
मी एकेक अक्षर लावत मागून चालते.
पहिल्याच आठवड्यात एका पानावर देवी भेटली:
कालुबायि.
म्हटलं, काळूबाई इथं कशी? ती तर मांढरदेवला.
हुक्केरी हसून हसून पोत्यावर बसले.
कालु म्हणजे पाय, बायि म्हणजे तोंड.
आमच्याकडं लाळ्या-खुरकूत.
पुस्तकात तिसरंच, इंग्रजीत, स्पेलिंगसकट.
गाय मात्र दारात उभी होती,
कुठल्याच भाषेत नाही,
नुसती तार लोंबत होती तोंडातून.

पौषात एका रात्री लुमाण्णा घाडीची म्हैस अडली.
मोबाइलच्या उजेडात डॉक्टर यरगट्टी
खांद्यापर्यंत आत,
मग हात काढून झटकत म्हणाले, मान मागं वळलीय,
आणि माझ्याकडं बघून,
निन्न कै सण्णदु. तुझा हात बारीक.

मी बाही वर केली.
आत ऊब होती, आणि जोर.
दर कळेला म्हैस माझं मनगट
दगडात धरल्यासारखं आवळायची,
सोडायची, आवळायची.
लुमाण्णाची बायको म्हणत होती, सावकाश गे बाळ,
कुणाला म्हणत होती कळलं नाही.
एक कान लागला. डोळ्याची खोबण.
मग ओठ, मऊ, बंद.
मी बोट आत सारलं, उगाच,
आणि ते चोखलं गेलं.

"जितं आहे," मी ओरडले,
मराठीतच ओरडले,
यरगट्टींना कळलं.
गट्टि हिडि, गट्टि हिडि,
जबड्याला धरून मी मान पुढं ओढली,
पाय त्यांनी दोरीला बांधून दिले,
अर्ध्या तासाने सगळं एकदम
पेंढ्यावर सांडलं.
लुमाण्णानं शेपूट उचलून पाहिलं.
"रेडाच की," म्हणाला,
आणि चहा ठेवायला सांगितला.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता बेळगावला मॉक टेस्ट.
दंड कोपरापासून सुजलेला,
गोल भरताना पेन बाहेर जायचं.
प्रश्न सत्त्याण्णव: खालीलपैकी कोणती प्रतिक्षिप्त क्रिया?
चार पर्याय.
गुडघा होता, डोळ्याची बाहुली होती, तापलेला तवा होता.
मी पाचवा शोधत बसले.
तीन मिनिटं गेली. उत्तर चुकलं, वजा एक.

शनिवारी हुक्केरींनी रजिस्टर पुढं केलं.
एम्मे. गंडु करु. जीवंत.
पहिल्यांदा एक ओळ न थांबता वाचली.
माझं नाव त्यात कुठंच नव्हतं,
तसा रकानाच नसतो,
अर्जातही नाही.

एकशेबारा दिवस राहिलेत.
आज मूत्रपिंड, उद्या परत झुरळ.
वही उघडून बसते,
पेन धरलं की ते बोट
अजून जरासं ओलं वाटतं.
मी ते ओढणीला पुसते, आणि
नेफ्रॉनची आकृती काढायला घेते.